पोचा कुठल्या बाजूला

कवळीवाल्यांच्या कारखान्याला कारखाना म्हणायचं ते केवळ त्यांच्या समाधानासाठी. घराच्या मागच्या अंगाला, जिथे इतरांकडे मोडक्या खुर्च्या आणि रिकामे डबे पडलेले असतात, तिथे खिडकीखाली एक लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे, मेणाचे गुलाबी पत्रे, स्पिरिटचा दिवा, घासायची मोटर आणि एका सपाट लाकडी पेटीत रंगाप्रमाणे ओळीने लावलेले दात, एवढाच पसारा. दंतवैद्य माणसाच्या तोंडाचं माप घेत आणि इकडे पाठवत. त्या मापावरून कवळी करून द्यायची, हे त्यांचं काम. आयुष्य त्यात गेलं. नवखा माणूस त्यांना डॉक्टर म्हणाला तर ते लगेच दुरुस्त करत. डॉक्टर तोंडात बघतात, माझ्याकडे तोंड येतं ते पिशवीतून, असं सांगत. गल्लीत त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचे ते कवळीवाले.

बाजारात कुणी मोकळेपणी हसलं की ते वळून बघत. आपलं काम की दुसऱ्याचं, हे त्यांना चार पावलांवरून कळायचं. बायको त्यांचा दंड धरून पुढे ओढायची. "लोकांना काय वाटेल? या वयात वळून बघताय." ते म्हणायचे, "वरची माझी आहे. खालची कुणाची तरी दुसऱ्याची."

ही विद्या त्यांना एका वस्तादाने शिकवली. वडील लवकर गेले, शाळा जेमतेम संपली होती, आणि आईने ओळखीतून त्यांना वस्तादाच्या हाताखाली चिकटवलं. पहिला धडा डावी-उजवीचा. डॉक्टरच्या चिठ्ठीवर 'डावी दाढ' असं असेल तर ती तोंड उघडून बसलेल्या माणसाची डावी. जबडा आपल्याकडे तोंड करून समोर ठेवला की ती आपल्या उजव्या हाताला येते. नवशिका हमखास इथे आपटतो. तेही आपटले. एका शिक्षिकेची दाढ भलत्याच बाजूला बसवून मोकळे झाले, आणि वस्तादाने ती कवळी त्यांच्या तळहातावर ठेवून सांगितलं, "समोर बसलाय त्याची बाजू खरी. आपली बाजू आत येताना चपलांपाशी काढून ठेवायची."

हा धडा इतका हाडीमासी खिळला की टेबलावरून उठल्यावरही सुटेना. रस्ता विचारणाऱ्याला ते त्याच्या बाजूने सांगत, आधी मनातल्या मनात त्याच्या जागी जाऊन उभे राहून. बायकोला "तुझ्या उजव्या कानातलं निसटलंय" म्हणाले की ते नेमकं तिच्या उजव्याच कानातलं असे. बायकोचं मात्र उलटं. तिला जसं दिसतं तसं ती सांगणार. "डाव्या गालाला प्लास्टर लागलंय," ती म्हणायची. ते आपला डावा गाल पुसायचे. डाग उजव्या गालावर तसाच. मग "अहो, काय हे" म्हणत ती पुढे येऊन स्वतःच पुसून टाकायची. मुलगी शिकून नोकरीला परगावी गेली, दोघांचे केस पिकले, पण हा गालाचा हिशेब काही जुळला नव्हता. जुळावा असं दोघांपैकी कुणाला वाटत होतं की नाही, तेही सांगता येणार नाही.

सासूबाई वारल्यावर सासरे त्यांच्याकडे राहायला आले. बायको त्यांना अण्णा म्हणे, कवळीवाले मामा म्हणत आणि मामा त्यांना जावईबापू. मामा उंचीने कमी, पण बसले तरी ताठ. सगळा जन्म गाडी चालवण्यात गेला होता, तो पाठीत दिसायचा. तरुणपणी ते एका कारखानदाराच्या घरची गाडी चालवायचे. पुढे मालकाने ती विकली, तेव्हा मामांनी ट्रक चालवला, टेम्पो चालवला, काही वर्षं रुग्णवाहिकासुद्धा. पण बोलायचे ते त्या पहिल्या गाडीबद्दलच. अमेरिकन गाडी, दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. उभी असली तरी पळतेय असं वाटायचं, एवढं म्हणून ते थांबायचे आणि चहाचा घोट घ्यायचे.

मामांची कवळी अर्थातच जावयाने केलेली, आणि मामांइतकं खरं बोलणारं गिऱ्हाईक जावयाला जन्मात भेटलं नव्हतं. दवाखान्यातली माणसं छान आहे म्हणून जातात आणि घरी गेल्यावर कवळी डबीत ठेवून देतात. मामा दुपारच्या जेवणानंतर कारखान्यात येऊन स्टुलावर बसत, कवळी काढून जावयापुढे ठेवत आणि बोळक्या तोंडाने तक्रार सांगत. पहिल्या गिअरला ठीक आहे, दुसऱ्याला खडखडते. वळणावर बाजू सोडते. जावई कार्बनचा कागद लावून बघत, केसभर घासत, धुऊन परत देत. मामा सफरचंदाची फोड चावून बघत आणि "बघू उद्या" म्हणून उठत. कवळीवाल्यांना ही दुपार फार आवडायची. वडिलांचा आवाज त्यांना आता नीट आठवतही नव्हता. शेजारच्या खोलीत कुणीतरी वडीलधारं खाकरतंय, आपल्या कामात खोट काढतंय, याची गोडी त्यांना इतक्या उशिरा लागली होती.

म्हणून मामा जायला निघाले तेव्हा सगळ्यात जास्त हादरले ते कवळीवालेच.

झालं होतं ते इतकंच. बायको एका संध्याकाळी तिच्या धाकट्या भावाशी फोनवर बोलत होती. ती घरीच शिवणकाम करायची. त्या दिवशी शिवायचे कपडे तुंबले होते, मशीनचा पट्टा तुटला होता, नळाला पाणी नव्हतं. ती बोलून गेली, माझी फार ओढाताण होते रे, एकटी कुठे कुठे पुरी पडू. मामांबद्दल ती बोलत नव्हती. किंवा थोडं त्यांच्याबद्दलही असेल. थकलेलं माणूस काय तोलून मापून बोलतं? मामा दारापलीकडे होते. सकाळी चहा घेताना त्यांनी जाहीर केलं की आता काही दिवस मुलाकडे जाईन म्हणतो. 'काही दिवस' म्हणजे किती, ते त्यांच्या बॅगेत लोकरी कपडेही गेले तेव्हा कळलं.

लेक दुखावली. विचारलं असतं तर सांगितलं असतं, आडून ऐकायचं आणि वर बॅग भरायची, हे तिचं म्हणणं. बापाचं म्हणणं काय होतं ते त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. दोघांपैकी कुणीही एक वाक्य बोललं असतं तर बॅग परत माळ्यावर गेली असती, पण बाप आणि लेक एकाच साच्यातून निघालेले. त्या दिवसापासून घरातलं बोलणं कवळीवाल्यांमार्फत सुरू झालं. जावईबापू, तिला म्हणावं, चहात साखर विसरली. अहो, त्यांना सांगा, विसरले नाही, डॉक्टरांनी बंद केलीय. स्वयंपाकघर आणि मामांची खोली यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, त्यात ते दिवसभर येरझारा घालत. वरच्या आणि खालच्या जबड्यामध्ये घास सापडतो तशी आपली गत झालीय, असं त्यांना वाटायचं, आणि जबडे कसे बसतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यांना स्वतःला म्हणायचं होतं, मामा, जाऊ नका. पण जावयाने म्हणून उपयोग नव्हता. मामांनी हसून पाठीवर हात ठेवला असता आणि बॅगेची चेन लावली असती. ती गोष्ट लेकीनेच म्हणायला हवी होती.

धाकट्याने तिकीट काढून पाठवलं. त्याच सुमारास दवाखान्यातून परत येताना कवळीवाल्यांना खेळण्यांच्या दुकानाच्या काचेआड एक खोका दिसला. वर लांब नाकाच्या दोनदारी अमेरिकन गाडीचं चित्र. आत खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचे प्लास्टिकचे भाग, आपले आपण जोडायचे. मामा सांगत तीच गाडी. कवळीवाले खोका काखेत मारून घरी आले. जायचंच असेल तर मामांनी ही सोबत न्यावी, एवढाच विचार त्यांनी बायकोला बोलून दाखवला. त्याखाली आणखी एक होता, तो त्यांनी स्वतःपाशीही धड उच्चारला नाही.

खोक्यातली गाडी भडक नारिंगी होती. मामांची तशी नव्हती. मालक हौशी, त्याने गाडी आल्या आल्या ती मोरपंखी रंगवून घेतली होती, छताला निराळा रंग दिला होता, बॉनेटवर हवा आत घेणारं एक फुगीर नाकाडं बसवून घेतलं होतं. म्हणजे नुसती जोडून भागणार नव्हतं, खोक्यातल्या गाडीची मामांची गाडी करायची होती. घरात तिचा एकच फोटो. मालकाची मंडळी नीट यावीत म्हणून फोटोग्राफरने गाडीचं पुढचं अंग कापून टाकलेलं. त्यात दिसत होता मागचा दिवा, एक दार, आणि मालक आपल्याकडे बघत नाहीत अशी खात्री करून त्या दाराला हळूच टेकलेले तरुण मामा.

बाकीची गाडी बायकोच्या डोक्यात होती. तिचा राग बापावर होता, गाडीवर नव्हता. भाजी चिरता चिरता ती सांगू लागली. मालकाच्या बंगल्यामागे त्यांची खोली होती. संध्याकाळी ती फाटकाशी जाऊन उभी राहायची. गाडी वळून समोर आली की आधी दिसायची ती पुढची जाळी, दात विचकल्यासारखी. कवळीवाल्यांनी हातातला पेला खाली ठेवला. इतका वेळ ते गाडीकडे गाडी म्हणून बघत होते. आता त्यांना तिचं तोंड दिसलं.

मग मात्र काम झपाट्याने पुढे गेलं. खोक्यातली जाळी जाडीभरडी होती. ती काढून त्यांनी कवळीला आकडे करायच्या तारेतून नवी केली, एकेक गज दातासारखा उभा करत. दिव्यांच्या काचा पारदर्शक ॲक्रिलिकच्या केल्या. बॉनेटवरचं नाकाडं आधी मेणात कोरलं, मग साचा करून काढलं. सीट लाल होती पण उन्हाने विटलेली, असं बायकोला आठवत होतं. त्यांनी हिरड्यांसाठी वापरायची पूड कालवून एक तुकडा दाखवला. तिने तो उजेडात धरला. "हाच रंग. पण आता मला कायम वाटणार की लहानपणी मी कुणाच्या तरी जिभेवर बसून फिरले." बऱ्याच दिवसांनी ती हसली होती.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात आली आणि टेबलावर एक उशी ठेवून उभी राहिली. उशी नखाएवढी. शिलाईच्या चिंधीतून शिवलेली, आत कापूस भरलेला, चारी कडांना टीप. अण्णांना उशी घेतल्याशिवाय काचेतून पुढचं दिसायचं नाही, ती म्हणाली. आणि ॲक्सिलरेटरवर लाकडाचा ठोकळा बांधलेला असायचा, पाय पुरत नव्हता. तेवढं करा. कवळीवाले वर बघेपर्यंत ती गेलीही होती.

छताच्या बाबतीत तिचा उपयोग नव्हता. ती तेव्हा इतकी लहान की गाडीचं छत तिला कधी दिसलंच नाही. मामांनाच विचारणं भाग होतं, आणि मामा हल्ली कारखान्यात येत नव्हते. बॅग भरल्यापासून त्यांनी कवळीबद्दल तक्रारसुद्धा केली नव्हती. कवळीवाले दातांच्या रंगांची पट्टी घेऊन त्यांच्या खोलीत गेले. पेशंटच्या दातांशी रंग जुळवायला ही पट्टी असते, फिकट ते गडद असे दात ओळीने लावलेले. तुमच्या त्या गाडीचं छत कसं होतं हो, सहज विचारतोय, असं ते म्हणाले. पांढरं नव्हतं, मामा म्हणाले, पिवळंही नव्हतं. त्यांनी पट्टी खिडकीशी नेली, एकेक दात ढगाळ उजेडात धरून बघितला आणि एकावर नख टेकवलं. "हा. दोन वेळा चहा पिणाऱ्या माणसाचा." छताचा रंग कशाला हवाय, हे त्यांनी विचारलं नाही.

राहिला गाडीच्या पत्र्याला पडलेला पोचा. पोचा नसेल तर ती अण्णांची गाडीच नाही, असं बायकोने बजावलं होतं. रस्त्यावर तशा मोठ्या गाड्या आणखीही होत्या, पण डाव्या डोळ्याखाली पोचा असलेली एकच. तो दिसला की ती फाटक उघडायला धावायची. हे मात्र मामांना विचारणं कवळीवाल्यांच्या जिवावर आलं. तुम्ही केलेली कवळी कुणाच्या ताटात पडली होती हो, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर? ड्रायव्हरला पोच्याबद्दल विचारणं तसंच. बायको डाव्या म्हणाली, म्हणजे डाव्या. त्यांनी गाडीचं नाक आपल्याकडे केलं, पेशंट खुर्चीत बसवावा तशी ती मांडली, तिच्या डाव्या दिव्याखाली गरम हत्याराची गोल पाठ टेकवली आणि श्वास रोखून दाबली. पोचा असा पडला की खरा खांब लागूनही इतका चांगला पडला नसता.

मामा बुधवारी निघणार होते. रविवारी सकाळी, त्यांच्या खोलीत चांगलं ऊन आलं असताना, कवळीवाले गाडी दोन्ही तळहातांवर घेऊन आत गेले.

मामांनी चष्मा लावला. गाडी घेतली आणि खिडकीपाशी जाऊन जावयाकडे पाठ करून उभे राहिले. बराच वेळ त्यांची पाठच दिसत होती. मग त्यांनी नखाने बॉनेट उचलून आत डोकावलं, दार उघडलं.

"ठोकळ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनेच."

"आणि ही उशी?"

"तिनेच शिवलीय."

मामांनी दार अगदी हळू लावलं. अंगठा छतावरून फिरला, काचेवरून उतरला, बॉनेटवरून पुढे नाकापर्यंत आला आणि थांबला. "जावईबापू," ते वळून म्हणाले, "पोचा चुकलाय."

कवळीवाल्यांना त्या खोलीतल्या उन्हाचासुद्धा राग आला. मामांनी मग सविस्तर सांगितलं. पोचा उजवीकडे होता. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे डावी बाजू त्यांच्या नाकाखाली. तिथे लागेलच कशाला? लागला तो पलीकडच्या अंगाला, फाटकाच्या खांबाला. हे ज्याने गाडी चालवली त्याला विचारायचं होतं, असंही त्यांनी जोडलं.

कवळीवाले गाडी घेऊन बोळातून स्वयंपाकघरात आले. बायकोने गाडीचं नाक आपल्याकडे वळवून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, मी डावीकडे सांगितलं होतं. तुम्ही उजवीकडे केलात."

त्यांना काही उमगेना. मामा म्हणतात डावीकडे केलाय, उजवीकडे हवा. ही म्हणते उजवीकडे केलाय, डावीकडे हवा. मामांच्या मते उजवीकडेच होता, असं त्यांनी चाचरत सांगितलं. ती म्हणाली, त्यांना म्हणावं, मी रोज समोर उभी असायचे. हा निरोप घेऊन ते परत गेले. मामा म्हणाले, ती केवढीशी होती तेव्हा, तिला काय आठवणार, तिला म्हणावं, गाडी मी चालवायचो.

परत येताना ते बोळाच्या मध्यावर थांबले. गाडीचं नाक त्यांच्याकडे होतं. त्यांनी ती फिरवली, नाक पलीकडे केलं. पुन्हा फिरवली. आणि मग भिंतीला टेकून स्वतःशीच हसले. मामा आत बसून बघत होते, लेक बाहेर उभी राहून बघत होती, आणि दोघंही एकाच दिव्याकडे बोट दाखवत होते. चुकला होता तो कारागीर. बायको आयुष्यभर गाल उलटा सांगत आली, आणि पोचा तेवढा ती सुलट सांगेल असं धरून तो चालला होता.

एका वाक्याचं काम होतं. कवळीवाले सरळ माणूस. त्यांनी कुणाचा निरोप कधी वाकडा केला नव्हता की दाबून ठेवला नव्हता. पण ते वाक्य जिभेवर घेऊन ते तसेच उभे राहिले. आपण हे सांगितलं की इकडे ही 'हो का' म्हणेल, तिकडे ते 'हो का' म्हणतील, दोघं आपापल्या जागी बसून राहतील आणि बुधवार येईल. त्यांनी ते वाक्य गिळलं, स्वयंपाकघरात गेले आणि मामांचाच निरोप सांगितला, शब्दाला शब्द. मामा हळू बोलले होते, यांनी जरा मोठ्याने सांगितला, एवढाच फरक.

"ते म्हणतात, तू केवढीशी होतीस, तुला काय आठवणार."

तिने गॅस बंद केला. ओले हात पुसले आणि बोळातून तरातरा बापाच्या खोलीत गेली. इतक्या दिवसांत हातात चहाचा कप नसताना ती प्रथमच त्या दारातून आत जात होती. कवळीवाले गाडी सांभाळत मागोमाग गेले आणि उंबऱ्यावर थांबले.

"अण्णा, मला आठवत नाही? फाटकाशी रोज कोण उभं राहायचं?"

"तू राहायचीस. पण गाडीत कोण बसायचं?"

"डाव्या डोळ्याखाली होता."

"उजव्या."

"डाव्या. डोळे मिटून सांगते."

"मिटूनच सांगतेयस म्हणून तर चुकतेयस."

ती पुढे सरसावली. मामांचा आवाज चढला, तिचा त्याहून चढला, शेजारची खिडकी उघडल्याचा आवाज आला. कवळीवाल्यांना इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. शेवटी मामा पलंगाच्या कडेला ताठ बसले आणि दोन्ही मुठी छातीसमोर धरल्या. "हे बघ. मी इथे. हे स्टिअरिंग. समोर फाटक. आणि खांब लागला तो या अंगाला." त्यांचा उजवा हात बाजूला गेला, कपाटाकडे.

ती त्यांच्या समोर, दोन पावलांवर, पाय जुळवून उभी राहिली. फाटकाशी उभी राहायची तशीच असावी. "आणि मी इथे. मला पोचा दिसायचा तो या..." तिचा डावा हात वर आला, कपाटाकडे.

दोन्ही हात एकाच कपाटाकडे दाखवत राहिले. आधी मामांनी आपल्या हाताकडे बघितलं, मग तिच्या. तिने मागे वळून नवऱ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की याला हे आधीच ठाऊक होतं. पण रागवायला तिला वेळ झाला नाही, कारण मामा बोलायला लागले होते.

ते पोच्याचं सांगत होते. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मालकाला सांगितलं होतं की अंदाज चुकला, आणि मालक भला, त्याने पोचा तसाच राहू दिला. अंदाज काही चुकला नव्हता. तिला त्या दिवशी ताप होता.

"तू फाटकाशी नव्हतीस. मी वळलो आणि तुला शोधत राहिलो, कुठे गेली म्हणून. तेवढ्यात खांब आला."

ती पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि चादरीची सुरकुती हाताने सारखी करू लागली. मान वर न करता म्हणाली, "ओढाताण होते म्हणाले मी. तुम्ही जा, असं नाही म्हणाले."

"मला तसंच ऐकू आलं."

"मग विचारायचं ना."

मामांनी घसा साफ केला. "आता विचारतो. जाऊ का?"

"नको."

उंबऱ्यावर उभ्या असलेल्या कवळीवाल्यांना एकाएकी गाडीच्या टपावर धूळ दिसली आणि ते ती फुंकायला लागले.

थोड्या वेळाने मामांनी त्यांना आत बोलावलं आणि कामाचं विचारलं. डावीकडचा पोचा भरून येईल का, आणि उजवीकडे पाडता येईल का? येईल, कवळीवाले म्हणाले. आतून लेप द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, मग मोरपंखी रंगाचे पातळ हात. खरं तर दोन संध्याकाळींचं काम होतं. पण ते म्हणाले की घाई केली तर कडेने रेघ दिसते, आणि हा रंग बेरकी आहे, पुन्हा जुळेल तेव्हा खरा. मामांनी मान डोलावली. रंगाचं काम आपल्या नजरेसमोर व्हायला हवं, नाहीतर पुन्हा भलतीच बाजू होऊन बसेल, असं त्यांनी बजावलं. दुपारी ते कारखान्यात आले, स्टुलावर बसले, आणि पहिली तक्रार केली ती टेबलावरच्या उजेडाची.

धाकट्याला फोन तिनेच केला. ती गाडी विकली गेली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. अण्णा बुधवारी येत नाहीत, तिकीट रद्द कर, असं तिने सांगितलं. का, काय झालं, बरं आहे ना सगळं, तो घाबरून विचारायला लागला.

"बरं आहे रे. गाडीचं काम निघालंय."

"गाडी? कुठली गाडी? तुमच्याकडे गाडी कुठेय?"

तिला हसू आवरेना. तिने फोन अण्णांच्या हातात दिला, आणि अण्णांनी पलंगावर नीट ताठ बसून घेत धाकट्याला फाटकापासून सांगायला सुरुवात केली.